लिमुरूची शाळा आणि मुगुमोचे झाड

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की आपल्या मंडळात आठवीतल्या मुलामुलींचे आईवडील हॉलच्या एका कोपऱ्यात जमलेले दिसतात. दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर काय चालले आहे याकडे त्यांचे लक्ष नसते. पब्लिक हायस्कूल की कॅथलिक हायस्कूल, हा विषय निघालेला असतो. सेंट्रल कॅथलिक आणि ओकलंड कॅथलिक ही नावे तर नव्याने आलेल्या कुटुंबांनाही पाठ झाली आहेत. शिस्त चांगली, विज्ञान चांगले, फी जास्त, आणि शेवटी हळूच "रोज प्रार्थनेला बसवतात का हो?" अशी शंका. चर्चा साधारण याच वळणाने जाते. अलीकडे अशा शाळांच्या माहितीपत्रकांत आणखी एक शब्द दिसू लागला आहे, तो म्हणजे सस्टेनेबिलिटी. आवारात भाजीचे वाफे, छपरावर सौर पट्ट्या, कॅफेटेरियातल्या उष्ट्याचे खत, असे सगळे त्यात येते. मराठीत त्याला शाश्वतता म्हणायचे असे पुस्तके सांगतात. मला तो शब्द जड वाटतो. आपल्या आज्या 'पुरवून वापरणे' म्हणत, त्यात जवळजवळ सगळे येते.

संपादकांनी या अंकासाठी "इतिहासावर काहीतरी दे" असे सांगितले. मी इतिहासाची अभ्यासक नव्हे, रसायनशास्त्राची. परंतु या कोपऱ्यातल्या चर्चेत ज्या प्रश्नाला कोणी हात घालत नाही, तो ज्या एका कॅथलिक हायस्कूलच्या गोष्टीत अगदी उघडा दिसतो ती गोष्ट सांगावी असे वाटले. शाळा इथली नव्हे, केनियातली. तिथली एक विद्यार्थिनी पुढे आपल्या या पिट्सबर्गमध्ये येऊन शिकून गेली आणि २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली आफ्रिकन स्त्री ठरली. तिचे नाव वांगारी मथाई.

वांगारीचा जन्म १ एप्रिल १९४० चा, केनियाच्या मध्यभागातल्या न्येरी जिल्ह्यात, इहिथे नावाच्या गावी. किकुयू जमातीचे शेतकरी कुटुंब. डोंगराळ मुलूख, तांबडी माती, भरपूर पाऊस आणि उत्तरेला माउंट केनियाचे शिखर. कोकणातला माणूस तिथे उतरला तर माती पाहून त्याला क्षणभर घरी आल्यासारखे वाटेल. किकुयू लोक त्या पर्वताला किरिन्यागा म्हणत आणि त्यांचा देव न्गाई तिथे राहतो असे मानत. घराजवळ एक मोठे मुगुमोचे झाड होते. मुगुमो म्हणजे आपल्या वड, पिंपळ, उंबराच्या कुळातले झाड. वनस्पतिशास्त्रात या सगळ्यांची फायकस हीच एक प्रजाती. सरपण गोळा करायला निघालेल्या वांगारीला आईने बजावून सांगितले होते की या झाडाची वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही, ते देवाचे झाड आहे. त्या झाडाजवळून एक झरा निघे. मुलगी तिथे पाणी भरायला जाई आणि पाण्यातल्या बेडकाच्या अंड्यांच्या माळा पाहत बसे. त्या मण्यांसारख्या दिसत म्हणून ती त्या उचलून गळ्यात घालायला बघे, आणि प्रत्येक वेळी त्या हातातून निसटत. ही आठवण तिने नोबेलच्या व्याख्यानातही सांगितली आहे.

त्या काळी किकुयू मुलीने शाळेत जाणे हा नियम नव्हता. वडील नाकुरूकडे एका गोऱ्या जमीनदाराच्या मळ्यावर ड्रायव्हरचे काम करीत. थोरल्या भावाने एके दिवशी आईला विचारले, वांगारी आमच्यासारखी शाळेत का जात नाही? आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, न जाण्याचे काही कारण नाही. शेतात राबायला एक हात कमी होणार हे तिला कळत होते. ही बाई स्वतः कधी शाळेत गेलेली नव्हती. या सबंध इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय तिचा, असे माझे मत आहे.

आठव्या वर्षी गावची शाळा झाली आणि अकराव्या वर्षी वांगारीला मथारी येथील कॅथलिक मिशनच्या सेंट सिसिलिया या निवासी शाळेत घातले. इटलीहून आलेल्या कोन्सोलाता मिशनच्या सिस्टर्स ती चालवीत. इथे ती कॅथलिक झाली आणि तिला मेरी जोसेफिन हे नाव मिळाले. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज सरकारने माऊ माऊ उठावामुळे आणीबाणी पुकारली. गावेच्या गावे तारेच्या कुंपणात कोंडली गेली, वांगारीच्या आईलाही आणीबाणीच्या वसाहतीत राहावे लागले. मिशनच्या भिंतींच्या आत मुली सुरक्षित राहिल्या. सिस्टर्सचे हे ऋण मोठे आहे आणि पुढचे सगळे वाचताना ते विसरता कामा नये.

(जाता जाता एक मराठी धागा. याच सुमारास, १९४८ पासून १९५४ पर्यंत, नैरोबीत स्वतंत्र भारताचे कमिशनर होते औंधचे अप्पासाहेब पंत, म्हणजे सूर्यनमस्कारवाल्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतातल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आफ्रिकन पुढाऱ्यांशी त्यांची जवळीक इंग्रजांना इतकी खुपली की शेवटी त्यांना तिथून हलवावे लागले.)

सेंट सिसिलियाचा एक नियम वांगारीने आपल्या 'अनबाउड' या आत्मचरित्रात तपशिलाने लिहिला आहे. शाळेत इंग्रजीच बोलायचे. मातृभाषेत बोलताना कोणी सापडली की तिच्या कपड्यावर एक बिल्ला लावला जाई, त्याला 'मॉनिटर' म्हणत. मी मूर्ख आहे, मातृभाषेत बोलताना सापडले, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असे. दिवसभरात आणखी कोणी सापडली की बिल्ला तिच्याकडे जाई, आणि दिवस संपताना ज्या मुलीच्या अंगावर तो असेल तिला गवत काढणे, झाडलोट करणे असली कामे पडत. मुलीच मुलींवर पाळत ठेवत. आपल्यापैकी पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांत शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेली मंडळी आपल्या मंडळातही आहेत. पुढे वांगारीने याचा परिणाम नेमका सांगितला: इंग्रजी उत्तम आली, आणि त्याबरोबर आपली भाषा ही लपवण्याची गोष्ट आहे अशी भावनाही आली.

१९५६ साली ती वर्गात पहिली येऊन लिमुरूच्या लोरेटो हायस्कूलमध्ये दाखल झाली. आफ्रिकन मुलींसाठीचे ते तेव्हाचे एकमेव कॅथलिक हायस्कूल म्हणून ओळखले जाई. लिमुरू हे नैरोबीच्या वायव्येला उंचावर आहे, थंड हवा आणि चहाचे मळे. आयर्लंडच्या लोरेटो सिस्टर्स आपल्याला परक्या नाहीत. १८४१ च्या डिसेंबरअखेर त्या कलकत्त्याला उतरल्या आणि तिथले लोरेटो हाऊस त्यांचेच. मदर तेरेसाही १९४८ पर्यंत याच संस्थेत होत्या आणि एंटालीच्या शाळेत शिकवीत. तेव्हा लिमुरूची शाळा कशी असेल याचा अंदाज कलकत्त्याच्या लोरेटोत शिकलेल्या कोणालाही बांधता येईल. घंटा, रांगा, प्रार्थना, स्वच्छ वह्या, आणि अभ्यासात हयगय खपवून न घेणाऱ्या सिस्टर्स.

या शाळेत पर्यावरण नावाचा विषय नव्हता. तो शब्द तेव्हा कुठल्याच शाळेत नव्हता. झाडे लावण्याचा कार्यक्रम नव्हता, कसलेही घोषवाक्य नव्हते. होती ती एक प्रयोगशाळा आणि तिथे मदर तेरेझिया नावाच्या विज्ञानशिक्षिका. वर्ग संपल्यावर त्या वांगारीला पेट्री डिश आणि परीक्षानळ्या धुवायला मदतीला ठेवून घेत आणि काम करता करता गप्पा मारीत. विज्ञानाची गोडी तिथे लागली असे वांगारीने लिहिले आहे.

ज्यांनी प्रयोगशाळेत दिवस काढले आहेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. काचसामान धुणे हे हलके काम समजले जाते, पण विज्ञानाची पहिली शिस्त तिथेच लागते. नळी स्वच्छ निघाली की नाही हे पाण्याचा थर काचेवर एकसारखा बसतो का, त्यावरून ओळखायचे. थेंब थेंब राहिले तर कुठेतरी तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. डोळ्यांना दिसत नाही ते असण्याचा संभव धरून चालायचे, आणि 'झाले असेल' असे न म्हणता तपासून पाहायचे. शिवाय धुताना शिक्षिका मोकळेपणाने बोलते, जे ती फळ्यासमोर बोलत नाही. ओपन हाऊसला गेलात तर छपरावर सौर पट्ट्या किती असे जरूर विचारा, परंतु शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत कोण थांबते हेही विचारून पाहा.

१९५९ साली शाळा संपली तेव्हा मुलींपुढे दोनच वाटा समजल्या जात, शिक्षिका किंवा नर्स. वांगारीने दोन्हींना नकार दिला. तिचे लक्ष युगांडातल्या माकेरेरे विद्यापीठाकडे होते. पण त्याच वेळी टॉम म्बोया यांच्या प्रयत्नाने आणि केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाच्या पैशाने केनियातले विद्यार्थी विमानांनी अमेरिकेला नेण्याची योजना सुरू झाली होती. कॅथलिक शाळांतल्या हुशार मुलांसाठी अमेरिकेतल्या कॅथलिक कॉलेजांत जागा पाहाव्यात असा नैरोबीच्या बिशपांचाही प्रयत्न होता. १९६० च्या सप्टेंबरात निघालेल्या सुमारे ३०० जणांत वांगारी होती. कॅन्ससमधील ॲचिसन येथे बेनेडिक्टाइन सिस्टर्सच्या माउंट सेंट स्कोलास्टिका कॉलेजात तिने जीवशास्त्र घेतले आणि १९६४ साली पदवी मिळवली. रसायनशास्त्र आणि जर्मन हे तिचे दुय्यम विषय होते (आमच्या विषयाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही).

तेथून ती पिट्सबर्ग विद्यापीठात आली. पक्ष्यांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीवर काम करून तिने एम. एस. केले. ऊतींचे पातळ काप घेऊन ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे कसब तिने इथे हस्तगत केले. आणखीही एक गोष्ट तिने इथे पाहिली. आपण आज जे शहर पाहतो त्यावरून कल्पना येणार नाही, पण १९४० च्या दशकापर्यंत पिट्सबर्गमध्ये भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत आणि ऑफिसातले लोक जेवणाच्या सुट्टीत शर्ट बदलत. १९४१ साली धूरनियंत्रणाचा कायदा झाला, युद्धामुळे तो अडला आणि १९४६ मध्ये कारखान्यांना, १९४७ मध्ये घरांना लागू झाला. त्यानंतरच, १९४८ च्या ऑक्टोबरअखेर, आपल्या दक्षिणेला डोनोरा येथे उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला आणि जस्ताच्या कारखान्याचा धूर खोऱ्यात कोंडून काही दिवसांत २० माणसे गेली. वांगारी आली तेव्हा हवा स्वच्छ करण्याचा खटाटोप अजून चालूच होता. बिघडवलेली हवा माणसे ठरवून सुधारू शकतात हे तिने प्रथम पाहिले ते या गावात.

१९६६ च्या जानेवारीत ती केनियाला परतली. देश १९६३ साली स्वतंत्र झाला होता. विद्यापीठात नेमणुकीचे पत्र हातात असताना तिला सांगण्यात आले की जागा दुसऱ्याला दिली. आपण स्त्री आहोत आणि अमुक जमातीच्या आहोत म्हणून हे झाले असे तिचे मत होते. मग जर्मनीच्या गीसेन विद्यापीठातून आलेले प्रा. राइनहोल्ड हॉफमन यांनी तिला पशुवैद्यकाच्या शरीररचना विभागात घेतले. पिट्सबर्गचे काप घेण्याचे कसब कामी आले. १९७१ साली ती पीएच.डी. झाली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता गोष्ट मुगुमोकडे परत येते. गुरांना गोचिडांमुळे होणाऱ्या रोगाच्या अभ्यासासाठी वांगारी गावोगाव हिंडू लागली. गोचिडे गोळा करता करता तिच्या लक्षात आले की गुरांची हाडे वर आलेली आहेत, चाऱ्याला गवत नाही, आणि पावसात नद्या गढूळ तांबड्या होऊन वाहत आहेत. लहानपणी तिने त्या स्वच्छ पाहिल्या होत्या. आपल्या गावाकडे तिला कळले की मुगुमोची जमीन दुसऱ्याने घेतली. झाड जागा अडवते म्हणून त्याने ते पाडून चहा लावला. झरा आटला होता. बेडूक, त्यांची अंडी, सगळेच गेले होते.

इथे थोडे विज्ञान सांगते, कारण याबद्दल भाबडेपणाने पुष्कळ लिहिले जाते. झाड पाणी निर्माण करीत नाही. उलट मोठे झाड पुष्कळ पाणी पिते. मग झरा का आटतो? तांबड्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. तिचे बारीक कण एकत्र धरून ठेवण्यात मोठा हात असतो पालापाचोळ्यापासून बनलेल्या ह्यूमसचा. त्यामुळे माती भुसभुशीत दाण्यांची राहते आणि पाणी आत मुरते. झाड आणि खालचा पाला गेला की पावसाचा थेंब थेट मातीवर आपटतो, दाणे फुटतात, सुटे झालेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात आणि वर एक पापुद्रा धरतो. मग त्याच पावसाचे पाणी आत न जाता उतारावरून पळते. जाताना वरची माती नेते आणि त्या मातीच्या कणांना चिकटलेले फॉस्फरसही नेते, म्हणजे शेताचे खतच वाहून जाते. मुगुमोसारख्या झाडाची मुळे खडकाच्या भेगांत खोल शिरतात आणि पाण्याला आत-बाहेर जायला वाटा करून देतात. एका झाडाने झरा टिकतो असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सगळ्या उतारांवरची अशी झाडे आणि त्यांखालचे रान गेले तर झरे आटतात, यात शंका नाही.

मुद्दा असा की वांगारीच्या आईला यातले काही माहीत नव्हते आणि तरीही तिचा नियम बरोबर होता. देवाचे झाड, हात लावू नको. मिशनच्या शाळेने मुलीला शिकवले की देव चर्चमध्ये असतो, डोंगरावर किंवा झाडाखाली नसतो. ते सगळे जुने, मागासलेले. शिकलेल्या पिढीच्या मनातून झाडाचा धाक गेला. धाक गेला की झाड म्हणजे लाकूड आणि खालची जागा म्हणजे चहाचे चार वाफे. एका पिढीत हे घडले. तोडणारे कोणी खलनायक नव्हते, सुधारलेले शेतकरी होते.

आपल्याकडचे उदाहरण मुद्दाम देते. सह्याद्रीतल्या देवराया अशाच आज्ञेवर टिकल्या: देवाच्या राईतली काठी न्यायची नाही. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूला न उरलेली झाडे आणि वेली तिथे सापडल्या. उंबराखाली पाणी लागते असे आपले जुने लोक सांगत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा म्हणून झाडांवर एक सबंध अध्याय आहे. आपल्यातल्या कितीजणांनी हे शाळेत ऐकले? मी तरी ऐकले नाही. विज्ञानाच्या तासाला ते श्रद्धा म्हणून बाहेर, आणि धर्माच्या तासाला फक्त कथा. मधले जे उपयोगाचे होते ते दोन्हींच्या फटीत पडले.

वांगारीचे थोरपण असे की तिने शाळेचे विज्ञान सोडले नाही आणि आईचे झाडही परत घेतले. १९७० च्या दशकात केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत खेड्यातल्या बायकांनी आपल्या अडचणी सांगितल्या: सरपण नाही, पिण्याचे पाणी नाही, पोटभर सकस अन्न नाही. कॉफी-चहाने शेते व्यापली होती. सरपण कमी म्हणून बायका पटकन शिजणारे मैद्याचे, सडलेल्या धान्याचे पदार्थ करू लागल्या होत्या आणि मुले कुपोषित होत होती. वांगारीला उत्तर साधे दिसले, झाडे लावू या. ५ जून १९७७ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, नैरोबीच्या कामुकुंजी बागेत सात रोपे लावून काम सुरू झाले. हीच पुढे ग्रीन बेल्ट चळवळ. निदान हजार रोपांची रांग लावायची, म्हणजे गावाला हिरवा पट्टा होईल, यावरून ते नाव.

सुरुवातीला सरकारी वनाधिकारी बायकांना रोपवाटिका शिकवायला आले. त्यांनी उताराचे प्रमाण, वाफ्याची खोली, वाळू आणि मातीचे गुणोत्तर, उन्हाची दिशा असे व्याख्यान दिले. बायका गोंधळल्या. झाड लावायला पदवी लागते असाच त्यांचा समज झाला. वांगारीने सांगितले की तुम्ही मका आणि घेवडा लावताच ना, तसेच लावा. बायकांनी फुटकी मडकी आणि जुने डबे घेतले, आसपासच्या रानातले बी कधी पडते आणि कसे रुजते हे पाहिले, आणि रोपे तयार केली. त्या स्वतःला पदवी नसलेल्या वनाधिकारी म्हणवू लागल्या. पैसे मिळत, पण लावलेल्या रोपाला नव्हे. जगलेल्या रोपाला अमेरिकन चार सेंट. मला ही अट फार आवडते. वृक्षारोपणाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पुढच्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यांचे काय झाले हे कोणी छापत नाही. लावले किती आणि जगले किती, हे दोन आकडे वेगळे ठेवायचे हे प्रयोगशाळेत वाढलेल्या डोक्याचे लक्षण आहे. मदर तेरेझियांची नळी पुन्हा धुऊन तपासण्याची सवय मला त्यात दिसते. अर्थात हा माझा तर्क झाला.

आणि गावच्या बैठका चालत त्या तिथल्या भाषेत. बिल्ला घालून जी भाषा बंद केली होती तीच कामाला आली. मुगुमो का तोडू नये हे किकुयूत आईनेच सांगितलेले होते. ते इंग्रजीत सांगायचे तर आधी पाच वाक्ये प्रस्तावना करावी लागते.

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे म्हणून भराभर सांगते. १९८९ साली नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ६० मजली इमारत बांधण्याचा सत्ताधाऱ्यांचा बेत तिने पत्रे लिहून आणि परदेशी मदतकर्त्यांपर्यंत पोहोचवून हाणून पाडला. १९९२ साली राजकीय कैद्यांच्या आयांबरोबर उपोषणाला बसली असता पोलिसांच्या माराने ती बेशुद्ध पडली. १९९९ च्या जानेवारीत करुरा जंगल वाचवताना भाडोत्री गुंडांनी तिचे डोके फोडले. २००२ साली ती ९८ टक्के मते घेऊन संसदेत निवडून आली. नोबेलची बातमी आली ती ८ ऑक्टोबर २००४ रोजी, ती न्येरीकडे असताना; तिने तिथेच माउंट केनियाकडे तोंड करून एक झाड लावले. तोपर्यंत चळवळीची झाडे तीन कोटींवर गेली होती. आता पाच कोटींहून अधिक असे संस्था सांगते.

ती अखेरपर्यंत कॅथलिक राहिली हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे अशा गोष्टी ऐकल्या की "बघा, शेवटी धर्मांतर करून काय मिळाले" असा सूर निघतो. तिचा तसा सूर नव्हता. सिस्टर्सबद्दल तिने प्रेमाने लिहिले आहे, आणि झाडाचे पावित्र्य ज्यांनी मोडले त्यांची चूकही सांगितली आहे. २०१० च्या 'रिप्लेनिशिंग द अर्थ' या पुस्तकात तर बायबल आणि किकुयू परंपरा दोन्ही शेजारी ठेवून. दरम्यान चर्चही बदलत होते. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसना पर्यावरणाचे काम करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले, १ जानेवारी १९९० चा त्यांचा शांतिसंदेश सबंध निसर्गाच्या ऱ्हासावर होता. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते नैरोबीला गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाच्या बागेत त्यांनी झाड लावले. ज्या देशात मिशनच्या मुलींना झाडाखाली देव नसतो असे शिकवले गेले, त्याच देशात. आपल्या इथल्या शाळांच्या पत्रकांत सस्टेनेबिलिटी आली आहे तिला या वळणाचीही पार्श्वभूमी आहे.

म्हणून कॅथलिक हायस्कूलबद्दल मला विचारणाऱ्यांना मी म्हणते, विज्ञान आणि शिस्त हवी असेल तर जरूर घाला. प्रार्थनेची भीती बाळगू नका. इथल्या शाळेत आपल्या मुलांना कोणी बिल्ला लावत नाही, मराठी बोलू नका असे कोणी सांगत नाही. तरीही ती बोलत नाहीत. तेव्हा शाळेने काय काढून घेतले हा आपल्यापुरता प्रश्नच नाही. वांगारीच्या आईने सरपणाला निघालेल्या मुलीला जे एक वाक्य सांगितले, तसले वाक्य आपल्या घरात कोणत्या भाषेत आणि कोण सांगते, एवढेच पाहायचे. त्या बाईने मुलीला शाळेतही घातले होते, हे पुन्हा सांगते.

२५ सप्टेंबर २०११ रोजी वांगारी मथाईंचे कॅन्सरने निधन झाले. आपल्यासाठी लाकडाची शवपेटी करू नये असे तिने सांगून ठेवले होते. बांबू, पपायरस आणि जलपर्णी विणून पेटी केली गेली.

पिट्सबर्ग विद्यापीठाने २०१३ साली कॅथेड्रल ऑफ लर्निंगच्या हिरवळीवर तिच्या नावाने झाडे आणि बाग अर्पण केली. दोन तांबडे मेपल आणि एक गोल फुलांचा वाफा, त्याच्या मधोमध शोभेचा लहान मेपल. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना आत नालंदाच्या धर्तीवर बांधलेली इंडियन रूम दाखवायला नेतोच. बाहेर पडल्यावर हेही दाखवा. थंडीत गेलात तर नुसती झाडे दिसतील. फुले पाहायची तर मेनंतर जा.